बिल्ल्याचं पाणी

१३ मार्च १९६०, रविवार

ही वही भैय्याजींनी दिली. म्हणाले, तेजराम, तुझ्या डोक्यात जो जाळ असतो तो रोज थोडा यात उतरव, मॅट्रिकच्या पेपरात निबंध तरी बरा लिहिशील. जाळ असतो हे त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, मी फक्त खरं बोलतो आणि लोकांना ते मोठ्यानं ऐकू येतं.

भैय्याजी दुर्गच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सायकल मारत पोलाद कारखान्याच्या कॅम्प-१ ला येतात आणि आमच्या ओळीच्या ओट्यावर आम्हा आठ कामगारांना शिकवतात. आजपासून नागरिकशास्त्र. पुस्तक उघडतील असं वाटलं, तर ते मांडीखाली घेऊन बसले आणि विचारलं, "दुसऱ्याचं का ऐकायचं?"

बळीराम माझ्या समोरच्या घरात राहतो, आधी रेल्वेत अवजड सामान चढवणारा खलाशी होता, आता क्रेनवर आहे. तो म्हणाला, "नाई आयकलं तं फोरमन गेटाबाहेर काढते."

"आणि फोरमनची पाठ फिरलेली असली तर?"

माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. मी म्हणालो, "आयकलं नाई तं मारामारी होते, म्हून आयकायचं. आज सकाळचा नळ पायला असता तं इचारलं नसतं तुमी."

छत्तीस घरांची आमची ओळ आणि तिला नळ एक. सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास. आज दोन बायकांनी एकमेकींचे अंबाडे धरले, बळीरामचा हंडा लाथेनं गटारात गेला आणि मनकर्णा, माझी बायको, कोपर फोडून अर्ध्या हंड्यानिशी घरी आली. जो दांडगा त्याचं पाणी. आम्ही इथं रेल्वेचे रूळ तयार करायची मिल उभी करून राहिलो, शंभर फुटांवर गर्डर चढवतो, एक सूतभर इकडचं तिकडं होऊ देत नाही, आणि खाली एका नळावर आम्हाला माणसासारखं उभं राहता येत नाही. लाज वाटली पाहिजे.

भैय्याजी म्हणाले, "बरं. मग कुणाचं ऐकायचं, हे कुणी ठरवायचं?" आणि सायकल घेऊन निघून गेले. हा काय शिकवायचा प्रकार झाला? नुसतं विचारायला आम्हालाही येतं.

१६ मार्च, बुधवार

काल सभा घेतली. मीच दारोदार ओरडत फिरलो. संध्याकाळी नळाच्या वेळेला घेतली, कारण त्या वेळी बायका नळावर असतात आणि ओट्यावर जरा शांतता मिळते.

मी बोललो ते थोडक्यात लिहून ठेवतो, कारण चांगलं बोललो. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. तिथं मोठा तलाव आहे. तलावाचं पाणी धानाला सोडायला गाव एक पाणकर नेमतं. तो म्हणेल त्या पाळीनं पाट फुटायचा, मालगुजारासारखा जमीनदारसुद्धा मध्ये तोंड घालत नसे. माझा बाप धोंडबा वीस वर्षं पाणकर होता. त्याच्याबद्दल मला इथं जास्त लिहायचं नाही. तर गावात पाणी माणसाला नसतं, शेताला असतं. ज्याचं शेत, त्याची पाळी. शेत नाही त्यानं पाटावर येऊ नये. इथं आपल्यातल्या कुणाचंच शेत नाही. मग शेताच्या जागी काय धरायचं?

मी खिशातून पितळेचा बिल्ला काढून वर धरला. नंबर २४१७. हाच दाखवून रोज फाटकातून आत जातो. म्हणालो, "हे आपलं शेत."

टाळ्या पडल्या. नियम असा ठरला: एका बिल्ल्याला एक दगड. दगडावर बिल्ल्याचा नंबर. दगड नळाजवळ ओळीत राहतील, पहिला दगड दुसऱ्या दिवशी शेवटी जाईल. एका पाळीला दोन हंडे. एकोणतीस जण होते, एकोणतीस हात वर झाले. मला पंच नेमलं. रागीट माणूसच पंच पाहिजे, बळीराम म्हणाला, आणि हसला. हसू दे.

आज वर्गात सगळं सांगितलं. मला वाटलं भैय्याजी पाठ थोपटतील.

"ओळीत घरं किती?"

"छत्तीस."

"हात एकोणतीस."

"बाकी सात घरांत बिल्ला नाई ना. ठेकेदाराकडं माती वाहतात ते. हजेरीत नाव असते, बिल्ला नसते."

"त्यांना विचारलं?"

"बिल्लाच नाई तं इचारायचं कायचं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणं म्हणजे उत्तर नव्हे.

२० मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर दगड रंगवले. लोखंडाला मारतात तो लाल रंग डब्याच्या तळाशी उरलेला, तो मागून आणला होता. लाल रंगावर चुन्यानं पांढरे आकडे. उठून दिसतात.

मनकर्णा डबा धरून बसली होती. तिला अक्षरओळख नाही, पण माझा नंबर लिहिता येतो. लग्न करून इथं आणलं तेव्हा मीच चुलीजवळ खडूनं गिरवून घेतला. वर चढलेल्या माणसाचं काय सांगता येतं? वेळ आली तर फाटकावर नंबर तरी लिहून दाखवता यावा. एकाच्या आकड्याची शेपटी फार खाली ओढते, किती सांगितलं तरी. आज हट्ट करून आमचा दगड तिनंच लिहिला. बाकीचे अठ्ठावीस मी लिहिले.

"सात जनींचे दगड कोन लिहिते?" तिनं विचारलं.

"त्याह्यचे नाईत."

तिनं डबा नीट धरला नाही, माझ्या पायावर रंग सांडला.

२५ मार्च, शुक्रवार

आज पोट धरून हसलो, असं वर्षातून एकदा होतं. बाजाराला निघालेली एक छत्तीसगढी म्हातारी आमच्या नळाजवळ थांबली. टोपली खाली ठेवली, लाल दगडांच्या ओळीला हात जोडले आणि पुढं गेली. तिला वाटलं देव मांडलेत. बळीराम म्हणाला, "पंच, आता हळद-कुंकू बी मांगवा."

आधी वाटलं रंग बदलावा. मग म्हटलं, कशाला? पाच दिवसांत एकही दगड जागचा हललेला नाही. पोरंसुद्धा पाय लावत नाहीत. भांडण शून्य. सकाळी मी नळाशी उभा असतो, एकेक नंबर पुकारतो आणि बायका गुपचूप पुढं येतात. परवा वर्गात भैय्याजींना सांगितलं तर म्हणाले, "लोक तुझा नियम पाळतात की शेंदूर?"

पाळतात ना! अजून काय पाहिजे या माणसाला?

३ एप्रिल, रविवार

लिहूनच टाकतो.

सकाळी ओळीत तिसावा दगड. काळा, विना रंगाचा, विना नंबरचा, बळीरामच्या दगडाला चिकटून ठेवलेला. विचारलं, "हा कोनाचा?"

"माया दगड हाय," गयाबाई म्हणाली.

ही गयाबाई आमची भिंतीला भिंत शेजारीण. ओळीत पहिलं घर आमचं, दुसरं तिचं. नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. ठेकेदाराकडं मातीची टोपली वाहते आणि सासूला सांभाळते. सासू तुळसाबाई आमच्याच गावची, फार म्हातारी, खाटेवरून उठत नाही.

"नंबर?"

"नंबर नाई. बुढीले पानी पाह्यजे."

"बिल्ला नाई तं दगड नाई. सभेत ठरलं."

"मले कोन इचारलं?"

"सभेत यायचं होतं."

"सभा झाली तवा मी याच नळावर उभी होती, भाऊ. तुमी सारे ओट्यावर हात वर करून राहिले होते. मले वाटलं हजेरी चालू हाय."

बायका हसल्या. माझ्यासमोर, पंचासमोर हसल्या! मी तो काळा दगड उचलला आणि गटारात फेकला. ती गेली, हात घालून बाहेर काढला, पदरानं पुसला आणि परत येऊन पायानं, हो, पायानं, माझा २४१७ चा दगड बाजूला सारला. सगळ्या बायका दोन पावलं मागं सरल्या.

"घाबरू नोका," ती म्हणाली. "हा देव नाई. बिल्ला हाय."

तिचा हंडा मी भरू दिला नाही. ती सातही घरं आता हथखोज गावच्या वाटेवरच्या तळ्यावर जातील. जावं. बिल्ला मिळवावा आणि यावं. मी नियम माझ्यासाठी केलेला नाही. माझी स्वतःची पाळी आज सत्ताविसावी होती आणि मी ती मुकाट्यानं घेतली. अन्याय कुठं आहे, दाखवा.

६ एप्रिल, बुधवार

वर्गातून मध्येच उठून आलो.

भैय्याजींनी विचारलं, "गयाबाई 'हो' कधी म्हणाली?" मी म्हणालो, या ओळीत राहते म्हणजे हो आलंच की. ते म्हणाले, "तिला राहायला दुसरी जागा आहे?" मी म्हणालो, जागा मलाही नाही. "पण तू हात वर केला होतास." मग आवाज खाली आणून, जसं काही माझ्यावर उपकार करून राहिले, असं विचारलं, "तेजराम, राग कशाचा आला? ती ऐकत नाही याचा, की ती विचारते याचा?"

दोन्हीचा आला. आणि भैय्याजींचाही आला. नळावर सकाळी पाच वाजता यांनी उभं राहून दाखवावं. दुर्गला घरी विहीर आहे, मग प्रश्न सुचतात.

१४ एप्रिल, गुरुवार

ऊन भाजून काढतंय. नळ आता सकाळी अर्धा तास. एका पाळीला एकच हंडा केला. लोक कुरकुरले पण पाळतात.

आज दुपारी कामाच्या पहिल्या पाळीवरून घरी आलो तर मनकर्णा मागच्या दारानं हंडा गयाबाईच्या घरात नेत होती. आमच्या पाळीचा, बिल्ल्याचा हंडा. विचारलं, किती दिवस चालू आहे? म्हणाली, तिचा दगड फेकला त्या दिवसापासून. म्हणजे अकरा दिवस मी नळावर पंच म्हणून उभा आहे आणि माझ्याच घरातून नियम गळतोय. लोकांना कळलं असेल तर? कळलंच असेल. हसत असतील.

"ते पानी बिल्ल्याचं हाय," मी ओरडलो. "वाटून देता येत नाई."

"आन्लं कोनी?"

"पाळी माया बिल्ल्याची."

तिनं हंडा माझ्यासमोर आदळला. "हंडा माया माहेरचा हाय. पानी तुमचं असन तं ओतून घ्या. हंडा मले द्या."

मी ओतून घेतलं. बादलीत. ती रिकामा हंडा काखेत घेऊन, भर उन्हात, तळ्याकडं चालू लागली. मी दारात उभा होतो. हाक मारावी असं वाटलं, पण काय म्हणून मारायची?

संध्याकाळी नवा नियम सांगितला: पाळीचं पाणी दुसऱ्याला देता येणार नाही. सभा घेतली नाही. एवढ्याशा गोष्टीला सभा कशाला?

१ मे, रविवार

पानठेल्यावर रेडिओ लागला होता. महाराष्ट्र झाला. आमचा भंडारा तिकडं आणि आम्ही इकडं मध्य प्रदेशात. मराठी लोकांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. तोंड गोड झालं आणि लगेच कडू केलं भैय्याजींनी. वर्गात म्हणाले, "आज सगळे म्हणतात 'आपलं' राज्य झालं. आपण म्हणजे कोण? भंडाऱ्याचे? मराठी बोलणारे? तुझ्या हाताखाली रस्सा ओढतो तो तेलुगू, तो आपल्यात की नाही?" बळीराम म्हणाला, "रस्सा ओढते तवर आपला." पुन्हा सगळे हसले. मी हसलो नाही. मी या वर्गात पाच गोष्टी शिकायला आलो होतो आणि होत्या त्यासुद्धा डळमळीत होऊन राहिल्या.

घरी आलो तर मनकर्णा म्हणाली, तुळसाबाई लई बिमार हाय, तुमाले बलावते. नको म्हणत होतो, तरी गेलो. घरात वास होता. हगवण लागलीय. म्हातारी खाटेवर मुटकुळं करून पडलेली.

"धोंडबाचा तेजा का रे तू?"

"होय, काकी."

"तुया बाप मोठा मानूस. दुष्काळाच्या सालात तलावात गुडघाभर पानी होतं, तं त्यानं पाट शेपटाकून सोडला. शेवटच्या शेताले पयले. आमचं शेत शेपटाले होतं. त्या साली आमी जगलो."

"आमचं डोक्याले होतं," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. जळलं ते. तुयी माय आमच्या दारात येऊन बोटं मोडून गेली. तू तिच्या पदराले धरून उभा होता, दहाक वर्साचा." मग म्हणाली, "नळाचं पानी हाय का रे? तळ्याचं चिखलावानी लागते."

पाहतो म्हणालो.

परत येताना बापाचा इतका राग आला की भिंतीला गुद्दा मारला. पाणी डोक्याकडून शेपटाकडं जातं, सगळ्या जगात. याच्याच हातात पाट होता, आणि यानं स्वतःचं शेत जाळलं. त्या वर्षी माय दुसऱ्याच्या धानात निंदायला गेली. लोकांनी त्याला मोठा माणूस म्हटलं आणि आम्ही कण्या खाल्ल्या. मी त्याच्यासारखा पंच होणार नाही. माझ्या नियमात डोकं नाही, शेपूट नाही, सगळ्यांची पाळी फिरते.

एक तांब्या नेऊन द्यावा असं ठरवलं होतं. मग वाटलं, पंचानंच स्वतःचा नियम मोडला तर उद्या कोणत्या तोंडानं नंबर पुकारू?

९ मे, सोमवार

तुळसाबाई आज पहाटे गेली.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण कॅम्पात लोक वेगळं सांगून राहिले.

नळ वीस मिनिटंच येणार होता. सोळा दगड झाले होते, तेरा बाकी. गयाबाई रिकामा हंडा घेऊन आली. दगड ठेवला नाही, ओळीत घुसली नाही, बाजूला उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, बुढीच्या आंघोळीपुरतं."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. बळीराम म्हणाला, "देऊन टाक ना बे. मेल्या बाईले का बिल्ला मांगतं?"

मी विचार करत होतो. आज मेलेल्यासाठी दिलं तर उद्या आजारी येईल, परवा बाळंतीण येईल, तेरवा प्रत्येकाला काही ना काही होईल. मग नियम राहतो कुठं? आणि नाही दिलं तर? माणूस आहे मी, मला काय कळत नाही? हे सगळं डोक्यात चालू होतं. दोन मिनिटं लागली असतील, फार तर तीन. तेवढ्यात नळ खोकला, फुसफुसला आणि बंद झाला. तेरा घरं बिनपाण्याची राहिली, ती आणखी माझ्यावर ओरडू लागली.

मी नाही म्हणालो नव्हतो. हे इथं लिहून ठेवतो. मी नाही म्हणालो नव्हतो.

मनकर्णा तिच्याबरोबर तळ्यावर गेली. म्हातारीला त्या गढूळ पाण्यानं आंघोळ घातली. मी खांदा द्यायला पुढं झालो तर गयाबाई काही बोलली नाही, पण बळीरामनं मला हातानं मागं सारलं. त्याला काय अधिकार?

११ मे, बुधवार

मनकर्णा वाढते. बोलत नाही. वर्गाला गेलो नाही.

१३ मे, शुक्रवार

काल मी कामाच्या दुसऱ्या पाळीत होतो, दुपारी दोन ते दहा. आज सकाळी पाचला नेहमीसारखा नळावर गेलो. बायका आधीच जमलेल्या, पण हंडे खाली ठेवलेले. पुरुषही आले होते. इतके पुरुष कधी येत नाहीत.

ओळ लांब वाटली. मोजली. छत्तीस दगड. सात नवे, तेही लाल. पहिल्या दगडावर नंबर २४१७. म्हटलं आज आमची पाळी पहिली कशी? दुसऱ्या दगडावर पाहिलं, २४१७. तिसऱ्यावर २४१७. मी वाकून वाकून शेवटपर्यंत गेलो. छत्तीसच्या छत्तीस दगडांवर २४१७. जुने आकडे खरवडून त्यावर ताजा चुना. काल दुपारी, पुरुष कामावर किंवा झोपेत असताना, भर उन्हात बसून केलेलं काम.

"हे कोनी केलं?" मी ओरडलो. नळ सुरू झाला होता, पाणी सिमेंटवर वाहून चाललं होतं. "एका बिल्ल्याले एक दगड! यातला एकच खरा हाय."

"असन," बळीराम म्हणाला. "कोनता, ते दाखव."

मी शोधू लागलो. मनकर्णेनं त्या रविवारी लिहिलेला दगड मला ओळखता आला पाहिजे होता. एकाची शेपटी खाली ओढलेली असते. छत्तीसच्या छत्तीस दगडांवर एकाची शेपटी खाली ओढलेली होती.

मान वर केली. ती ओळीच्या शेवटी गयाबाईशेजारी उभी होती. बोटं अजून पांढरी होती, लपवलीसुद्धा नव्हती.

"तू?" मी म्हणालो. मला वाटलं होतं मी तिला मारीन. तोंडातून फक्त एवढंच निघालं, "कावून?"

"मले एवढंच लिहिता येते," ती म्हणाली. चार दिवसांनंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, पानी चाललं ना, आणि शेवटच्या टोकाकडून एका बाईनं हंडा नळाखाली लावला. मग तिच्या बाजूची. मग तिच्या बाजूची. कुणी नंबर पुकारला नाही. कुणी माझ्याकडं पाहिलंही नाही. मी खिशात बिल्ला मुठीत धरून उभा होतो. तो बोटांना रुतला.

१५ मे, रविवार

मी पंचपद सोडलेलं नाही. कुणी मला काढलेलंही नाही. फक्त कुणी विचारत नाही.

दगड गेले. काहींनी चुलीला लावले, एक बळीरामनं दाराला अडसर म्हणून ठेवलाय. तीन दिवस झाले, बायकांनी आपसात काही ठरवलंय. एक दिवस शेपटाच्या घराकडून भरायला सुरुवात, एक दिवस डोक्याकडून. सभा नाही, हात वर नाहीत, कुठं लिहिलेलं नाही. टिकणार नाही, मी सांगतो, आठ दिवसांत पुन्हा अंबाडे धरतील. पण तीन दिवसांत धरले नाहीत, आणि याचाच मला जास्त राग येतो.

मनकर्णा बोलते आता. कामापुरतं. काल म्हणाली, सैपाकाचं मी भरते, तुमच्या आंघोळीचं तुमी आना. म्हणून आज बादली घेऊन ओळीत उभा राहिलो. बायकांत एकटा पुरुष, पंच. आजची सुरुवात शेपटाकडून होती, म्हणजे डोक्याच्या घराला शेवट. पस्तिसावी गयाबाई, छत्तिसावा मी. ऊन चढलं. धार बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. गयाबाईचा हंडा अर्धा भरला असेल आणि नळ खोकू लागला. तो आवाज मला चांगला ओळखता येतो.

तिनं अर्धा हंडा ओढून काढला, माझी बादली माझ्या हातातून घेतली आणि नळाखाली लावली.

मला म्हणायचं होतं, कोणत्या नियमानं? मला म्हणायचं होतं, तुझा हंडा अजून अर्धा आहे, मी काही मागितलं नाही, तुला कुणी सांगितलं? इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं.

"भरा, भाऊ," ती म्हणाली. आणि मी भरली.

संध्याकाळी वर्गाला गेलो. भैय्याजींनी पुन्हा पहिलाच प्रश्न काढला, दुसऱ्याचं का ऐकायचं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी या खेपेला चष्मा पुसला नाही.

आता घरी बसून लिहितोय. आज मी आंघोळ केली नाही. बादली दारात झाकून ठेवलेली आहे, मनकर्णा दोनदा तिच्याकडं पाहून गेली. काठोकाठ भरलेली नाही. आंघोळीपुरतं आहे.